उष्णतेचा संवादी भ्रम

एखादी कल्पना वस्तुस्थितीला धरून नसली तरी तिच्या आधाराने केलेली कृती सफल होऊ शकते काय, आणि होत असेल तर त्या सफलतेमुळे त्या कल्पनेला ज्ञानाचा दर्जा मिळतो काय, हा प्रश्न भारतीय तत्त्वचिंतनात फार जुना आहे. सातव्या शतकातील बौद्ध तार्किक धर्मकीर्ती याने ‘प्रमाणवार्तिका’त तो रत्न आणि दिवा यांच्या दृष्टांताने मांडला. दुरून दिसणाऱ्या रत्नप्रभेलाच रत्न समजून धावणारा आणि दिव्याच्या प्रभेला रत्न समजून धावणारा, असे दोघेही चुकलेलेच असतात. परंतु पहिल्याच्या हाती रत्न लागते आणि दुसऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. चौदाव्या शतकात विद्यारण्यांनी ‘पंचदशी’च्या ध्यानदीप प्रकरणात हाच दृष्टांत घेऊन फळ देणाऱ्या चुकीला संवादी भ्रम आणि फळ न देणाऱ्या चुकीला विसंवादी भ्रम म्हटले, आणि या भेदाचा उपयोग उपासनेची बाजू मांडण्यासाठी केला. ब्रह्मतत्त्वाची उपासना हे साक्षात ज्ञान नव्हे, तरीही संवादी भ्रमाप्रमाणे ती साधकाला अखेर मुक्तीपर्यंत पोहोचवते, अशी त्यांची भूमिका आहे. त्याच प्रकरणात आणखीही उदाहरणे येतात: गोदावरीचे पाणी गंगेचे समजून अंगावर शिंपडणाऱ्याचीही शुद्धी होते, आणि वाफेला धूर समजून तेथे विस्तव असल्याचे अनुमान करणाऱ्याला कधी योगायोगाने तेथे खरोखरच विस्तव सापडतो.

वाफेचे हे उदाहरण विद्यारण्यांच्या हातून ओझरते येऊन गेले आहे. त्याच्याकडे थोडे थांबून पाहण्याचे कारण असे की वाफ आणि गरम पाणी यांच्याकडून इमारती उबदार ठेवण्याचे काम करून घेणारी जी आधुनिक विद्या आहे, तिची सगळी भाषा आणि बरेचसे गणित उष्णतेच्या एका अशा कल्पनेवर उभे आहे, जी पदार्थविज्ञानाने दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी टाकून दिली. तरीही त्या गणिताने निवडलेली यंत्रे चालतात, आणि लोकांना ऊब मिळते. हा भ्रम संवादी का ठरतो, आणि कोठपर्यंत ठरतो, हा येथील विचाराचा विषय आहे.

शिकागो, डेट्रॉइट किंवा टोरंटो यांसारख्या शहरांतील गोदामे, कारखाने, वाहनदुरुस्तीच्या शेड आणि माल चढवण्या-उतरवण्याचे लोडिंग डॉक येथे छताखाली पत्र्याच्या चौकोनी पेट्या टांगलेल्या दिसतात. त्यांना युनिट हीटर म्हणतात. पेटीच्या आत बहुधा तांब्याच्या नळ्यांची जुळणी, म्हणजे कॉइल, असते. नळ्यांवर ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या दाटीने बसवलेल्या असतात, मागे पंखा असतो आणि पुढे हवेची दिशा ठरवणाऱ्या तिरप्या पट्ट्या असतात. बॉयलरमधून आलेली वाफ किंवा आलेले गरम पाणी नळ्यांतून जाते, पंखा खोलीतलीच हवा त्या नळ्यांवरून ढकलतो, आणि तापलेली हवा समोर किंवा खाली फेकली जाते. मुंबई-पुण्याच्या वाचकाला हे यंत्र पाहण्याचा प्रसंग सहसा येत नाही, कारण त्याची गरज बाहेरचे तापमान उणे १८ अंश सेल्सियसपर्यंत उतरते तेथे पडते.

असा हीटर निवडताना अभियंता प्रथम हिशेब मांडतो तो उष्णतेच्या गळतीचा. भिंतींतून किती जाते, छतातून किती जाते, उघड्या पडणाऱ्या मोठ्या दरवाजांतून शिरणाऱ्या थंड हवेमुळे किती जाते, यांची बेरीज म्हणजे त्या इमारतीचा भार. हा भार ६० किलोवॅट आला असे धरले, तर तेवढीच उष्णता आत आणून टाकणारी यंत्रे हवीत, हे उघडच आहे. मग प्रश्न येतो तो ती कशावर लादून आणायची याचा. अमेरिकी उत्पादकांची कोष्टके ज्या ठरीव परिस्थितीत क्षमता सांगतात, तीत वाफेचा दाब वातावरणापेक्षा दर चौरस इंचाला २ पौंडांनी अधिक आणि येणारी हवा सुमारे १५.६ अंशांची असते. या दाबाची वाफ सुमारे १०४ अंशांची असते, आणि तिचे एक किलोग्रॅम पाणी होताना सुमारे २,२४७ किलोज्यूल उष्णता सुटते. उलट ९३ अंशांना आत शिरून ११ अंशांनी निवणारे एक किलोग्रॅम पाणी फक्त ४६ किलोज्यूल देते. म्हणजे ६० किलोवॅटसाठी तासाला ९६ किलोग्रॅम वाफ पुरते, तर पाणी सुमारे ४,७०० किलोग्रॅम फिरवावे लागते. वाफ स्वतःच्या दाबाने धावते, पाण्याला पंप लागतो. वाफेला परतीच्या वाटेवर स्टीम ट्रॅप, म्हणजे निवून झालेले पाणी जाऊ देणारी आणि जिवंत वाफ अडवणारी झडप, लागते, पाण्याला ती लागत नाही.

या हिशेबातील क्रियापदे पाहण्यासारखी आहेत. उष्णता गळते, आणली जाते, लादली जाते, सोडली जाते, परत येते. वाफ आणि पाणी हे तिचे हमाल आहेत, आणि उष्णता हा त्यांच्या डोक्यावरचा माल आहे. हमाल आणि माल वेगळे, असे गृहीत धरल्याशिवाय कोष्टकातील एकही रकाना भरता येत नाही.

वैशेषिक दर्शनाने हेच वेगळेपण निराळ्या कारणासाठी आणि फार काटेकोरपणे मांडले होते. कणादप्रणीत या दर्शनात नऊ द्रव्ये मानली आहेत आणि त्यांत जल व तेज ही स्वतंत्र द्रव्ये आहेत. स्पर्श हा गुण तीन प्रकारचा मानला आहे: शीत, उष्ण, आणि या दोन्हींहून निराळा. शीत स्पर्श जलाचा, उष्ण स्पर्श तेजाचा, आणि तिसरा पृथ्वी व वायू यांचा. मग गरम पाण्याचे काय? वैशेषिकांचे उत्तर असे की पाणी कधीच गरम होत नाही. त्यात शिरलेल्या तेजाच्या सूक्ष्म कणांचा उष्ण स्पर्श हाताला जाणवतो आणि तो चुकीने पाण्याचा समजला जातो. असा धर्म, जो वस्तूचा स्वतःचा नसून सान्निध्यामुळे तिच्यावर भासतो, त्याला औपाधिक म्हणतात. त्या कणांचा प्रकाशमान रंग मात्र दिसत नाही, कारण तेथे त्यांचा स्पर्श उद्भूत, म्हणजे इंद्रियाला जाणवण्याजोगा असतो आणि रूप अनुद्भूत असते. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’तून पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी हे पदार्थविभाजन शिकत आले; यशवंत वासुदेव आथल्ये यांनी संपादित केलेली त्याची आवृत्ती मुंबईच्या संस्कृत मालेत १८९७ साली निघाली, त्या वेळी पश्चिमेकडील शहरांत वाफेच्या नळांनी इमारती तापवणे ही नवलाईची गोष्ट राहिली नव्हती.

येथे एक मोह टाळला पाहिजे. वैशेषिकांचे अनुद्भूत तेज आणि शालेय पुस्तकातील अप्रकट उष्मा या दोन गोष्टी एक नाहीत. अप्रकट उष्मा म्हणजे तापमान न वाढवता पदार्थाची अवस्था बदलण्यात खर्ची पडणारी उष्णता, आणि ती मोजण्याची रीत ग्लासगो विद्यापीठात जोसेफ ब्लॅक याने १७६० नंतरच्या काही वर्षांत बसवली. एकाच विस्तवावर ठेवलेल्या पाण्याला उकळी येण्यास किती वेळ लागतो आणि उकळी आल्यावर ते पूर्ण आटण्यास किती, यांची तुलना त्याने केली. दुसरा काळ पहिल्याच्या पाचपट भरला, आणि त्या सगळ्या काळात तापमापकाचा पारा जागचा हलला नाही. मोजमापाशिवाय हा शोध लागणे शक्य नव्हते, आणि वैशेषिकांचा प्रश्न मोजमापाचा नव्हताच. त्यांना कोणता गुण कोणत्या द्रव्यात राहतो हे ठरवायचे होते. आपल्याकडे सर्व काही आधीच ठाऊक होते असे सांगणाऱ्यांना दोन्ही बाजूंचे श्रम दिसत नाहीत.

तरीही एका बाबतीत युरोपातील विद्वान वैशेषिकांच्याच वाटेने काही काळ चालले. लावाझिए याने १७८९ साली मूलद्रव्यांची जी यादी दिली, तीत प्राणवायू आणि गंधक यांच्या पंक्तीला उष्णताही बसवली होती. तिला त्याने कॅलरिक म्हटले, आणि हा वजनरहित, नाश न पावणारा द्रव पदार्थांत शिरतो व बाहेर पडतो, असे मानले जाऊ लागले. या कल्पनेला पहिला मोठा धक्का दिला तो म्युनिकच्या तोफखान्यात काउंट रम्फर्ड याने. बोथट हत्याराने तोफेची नळी कोरताना भोवतीच्या पेटीतील पाणी विस्तवाशिवाय अडीच तासांत उकळू लागले, आणि घोडे फिरत राहतील तोपर्यंत उष्णता निघतच राहणार हे दिसले, तेव्हा जी वस्तू न संपता निर्माण होत राहते ती द्रव्य असू शकत नाही, असा निष्कर्ष त्याने १७९८ साली मांडला. पुढे १८४०च्या दशकात ज्यूलने ठरावीक श्रमातून ठरावीकच उष्णता निघते हे मोजून दाखवले, आणि उष्णता हे द्रव्य नसून कणांच्या गतीशी निगडित ऊर्जा होय, हा सिद्धांत रुजला. वैशेषिकांच्या परिभाषेत सांगायचे तर उष्णता द्रव्याच्या रकान्यातून निघून कर्माच्या, म्हणजे गतीच्या, रकान्याकडे सरकली.

या दोन घटनांच्या मधोमध १८२४ साली सादी कार्नो याचा ग्रंथ येतो, आणि संवादी भ्रमाचे याहून चोख उदाहरण विज्ञानाच्या इतिहासात सापडणे कठीण आहे. कार्नो कॅलरिक मानणारा होता. उष्णता उंच तापमानावरून खाली उतरते आणि उतरताना यंत्र चालवते, पण ती स्वतः खर्च होत नाही, असे त्याने धरले. हे चूक होते. परंतु वाफेच्या यंत्राच्या कार्यक्षमतेवर दोन तापमानांनीच ठरणारी एक कमाल मर्यादा आहे, असे जे त्याने त्यावरून काढले, ते आजही अबाधित आहे.

हे यश वाफेला धूर समजणाऱ्याच्या यशासारखे योगायोगाचे होते काय? येथे धर्मकीर्तीचा दृष्टांत विद्यारण्यांच्या बाष्पापेक्षा अधिक कामाचा ठरतो. रत्नाची प्रभा म्हणजे रत्न नव्हे, पण ती रत्नापासूनच निघालेली असते. प्रभेकडे धावणारा परंपरेने रत्नाशी जोडलेला असतो. वाफ आणि विस्तव यांच्यात, निदान दृष्टांतातल्या वाफेपुरता, असा कोणताही बांधलेला संबंध नाही. कॅलरिकच्या बाबतीत हा संबंध सांगता येतो: जेथे उष्णतेचे श्रमात किंवा श्रमाचे उष्णतेत रूपांतर होत नाही, जेथे ती एका वस्तूतून दुसऱ्या वस्तूत जाते एवढेच घडते, तेथे तिची एकूण राशी कायम राहते, आणि राशी कायम राहणे हे द्रव्याचेच लक्षण असल्याने तिला द्रव्य मानणाऱ्याचे गणित चुकत नाही. गोदामातील हीटर नेमका या मर्यादेत येतो. पंख्याच्या मोटरचे थोडे श्रम सोडले, तर तेथे उष्णता फक्त हात बदलते. वाफेने सोडलेली हवेने घेतली, हवेने सोडलेली भिंतींनी घेतली. म्हणून कोष्टके खरी उतरतात.

मात्र हीच कोष्टके पुढे एका ठिकाणी मुकी होतात, आणि निवडीचे खरे कौशल्य तेथूनच सुरू होते. उष्णता ही केवळ राशी असती, तर ६० किलोवॅटचा वाफेचा हीटर आणि ६० किलोवॅटचा पाण्याचा हीटर यांत पाइप आणि पंप यांच्या खर्चापलीकडे काही फरक पडला नसता. प्रत्यक्षात वाफेची कॉइल सर्वत्र सुमारे १०४ अंशांवर असते, पाण्याची सरासरी ८८ अंशांच्या आसपास. त्यामुळे सारख्याच पंख्यापुढे पहिलीतून निघणारी हवा अधिक तापलेली निघते. तापलेली हवा हलकी होते: १५ अंशांच्या हवेच्या तुलनेत ५५ अंशांची हवा सुमारे १२ टक्क्यांनी हलकी असते, आणि तिला खाली ढकलणारा झोत जितका लवकर दमतो तितक्या लवकर ती वळून छताला जाऊन चिकटते. कोष्टकातील सगळी ऊब खोलीत आलेली असते, पण ती असते डोक्यावर सहा मीटरवर. खाली झोत फेकणाऱ्या हीटरच्या माहितीपत्रकात म्हणूनच कमाल टांगणीची उंची दिलेली असते, आणि वाफेचा दाब वाढवला की ही उंची कमी होते. दाब २ पौंडांवरून १० पौंडांवर नेला तर वाफ सुमारे ११५ अंशांची होते आणि यंत्राची क्षमता वाढते, पण तेच यंत्र आता जमिनीच्या अधिक जवळ टांगावे लागते. क्षमता वाढली आणि पोहोच घटली, ही गोष्ट राशीच्या भाषेत सांगताच येत नाही.

दुसरा फरक काळाचा आहे. भाराचा हिशेब वर्षातील सर्वांत कडक थंडीच्या तासांसाठी मांडलेला असतो, आणि हिवाळ्याचे बहुतेक तास त्याहून सौम्य असतात. पाण्याच्या यंत्रणेत बाहेरचे तापमान चढले की बॉयलरचे पाणी कमी तापवता येते आणि झोत मवाळ होतो. वातावरणाहून किंचित अधिक दाबाची वाफ १०० अंशांखाली नेता येत नाही. तिला चालू किंवा बंद एवढेच ठाऊक, म्हणून शेड आळीपाळीने भाजते आणि गारठते. मात्र वाफेची यंत्रणा आधीच असलेल्या कारखान्यात, उंच आणि लांबलचक इमारतीत, लांबवर उष्णता न्यायची असेल तेथे, वाफ सोडून पाण्याकडे वळण्याचा आग्रह धरणे हेही आंधळेपणाचेच आहे. पाण्याच्या बाजूलाही एक सापळा आहे. धुरातील वाफही निववून तिची उष्णता वसूल करणारे जे कंडेन्सिंग बॉयलर हल्ली बसवतात, त्यांना परत येणारे पाणी सुमारे ५५ अंशांहून थंड असावे लागते; पण जुन्या हिशेबाने ९३ अंशांसाठी निवडलेल्या कॉइलमध्ये ६० अंशांचे पाणी सोडले, तर पाणी आणि हवा यांच्यातील अंतर घटून क्षमता जवळजवळ निम्म्यावर येते. अशा वेळी कॉइल मोठी घेतली की राशी भरून निघते. परंतु निघणारी हवा जेमतेम कोमट असते, आणि वेगाने अंगावर येणारी कोमट हवा माणसाला गारच लागते.

येथे स्पर्श परत येतो. वैशेषिकांनी उष्णतेची ओळख त्वचेने घेतली जाणारी अशीच सांगितली होती. कॅलरिकच्या गणिताने, आणि त्यानंतरच्या ऊर्जेच्या गणितानेही, त्वचेला हिशेबातून वगळले. तिला हिशेबात परत आणण्याचे मोठे श्रेय डेन्मार्कच्या पी. ओ. फँगर याचे आहे. त्याने १९७० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हवेचे तापमान, भोवतालच्या पृष्ठभागांचे तापमान, हवेचा वेग, आर्द्रता, कपडे आणि कामाची तीव्रता या सहा गोष्टींवरून, मोठ्या समूहाने उणे तीन ते अधिक तीन अशा मापावर कसा कौल दिला असता याचे सूत्र मांडले. त्या सूत्राची एक बाजू धार्मिक तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकानेही ध्यानात घ्यावी अशी आहे: सरासरी कौल अगदी शून्यावर, म्हणजे ना थंड ना गरम असा, आला तरीही पाच टक्के लोक असमाधानी राहतातच, असे सूत्रच सांगते. शिवाय यातील कामाच्या तीव्रतेचा आकडा जुन्या मापांत सत्तर किलो वजनाच्या मध्यमवयीन पुरुषावरून घेतलेला होता, त्यामुळे स्त्रियांच्या शरीराने निर्माण होणारी उष्णता प्रत्यक्षाहून अधिक धरली जाते, असे २०१५ साली नेदरलँड्समधील संशोधकांनी दाखवले. ब्रिटनच्या १९९२च्या नियमांसोबतची आचारसंहिता कामाच्या जागी किमान १६ अंश तापमान असावे असे सुचवते आणि अंगमेहनतीच्या कामासाठी १३ अंश पुरे मानते. लोडिंग डॉकवर खोकी उचलणारा आणि तेथेच काचेआड बसून पावत्या फाडणारा, दोघांवर एकाच हीटरचा झोत येतो, आणि त्या दोघांना जाणवणारी ऊब वेगवेगळी असते. म्हणून अनुभवी माणूस झोत कोणाच्याही अंगावर न सोडता बाहेरच्या भिंतीच्या कडेने आणि दरवाजाच्या रोखाने सोडतो, आणि थर्मोस्टॅट झोताच्या वाटेत न लावता आतल्या भिंतीवर माणसाच्या छातीच्या उंचीवर लावतो.

मग या सगळ्याला भ्रम म्हणावे काय, हा प्रश्न उरतो. नव्यन्यायात एक संज्ञा आहे, आहार्य ज्ञान: ही वस्तू तशी नाही हे पक्के ठाऊक असतानाही इच्छेने तिला तसे मानणे. भ्रमात माणूस फसलेला असतो, आहार्यात तो फसलेला नसतो. ब्रह्मसूत्रांच्या चौथ्या अध्यायातील प्रतीकोपासनेच्या विचारात शंकराचार्यांनीही हाच भेद सांभाळला आहे; प्रतीक म्हणजे आत्मा नव्हे हे उपासकाने विसरायचे नसते, आणि तरीही प्रतीकावर ब्रह्मदृष्टी ठेवायची असते. विद्यारण्यांच्या दृष्टांतातला धावणारा मात्र प्रभेला रत्नच समजतो, आणि हातात रत्न येईपर्यंत त्याला आपली चूक कळत नाही. उपासनेची बाजू मांडताना हे दोन प्रकार एकत्र झाले की पुष्कळ वाद उगाच वाढतात. कार्नो भ्रमाच्या प्रकारात मोडतो, आणि त्याची चूक त्याच्या हयातीत चारचौघांपुढे सुधारली गेली नाही. आजचा जाणता अभियंता आहार्याच्या प्रकारात मोडतो: उष्णता हे द्रव्य नाही हे त्याला ठाऊक असते आणि भाराचा तक्ता भरताना तो तिला मुद्दाम द्रव्य धरतो. केवळ तक्ता शिकलेला आणि त्यामागचे न शिकलेला नवखा माणूस भ्रमाच्या प्रकारातच राहतो. तीन-साडेतीन मीटर उंचीच्या दुकानासाठी दोघेही बहुधा एकच हीटर निवडतील, आणि त्यांच्या कागदांवरून कोण कोणत्या प्रकारातला हे ओळखता येणार नाही. नऊ मीटर उंचीच्या, दर दहा मिनिटांनी दरवाजा उघडणाऱ्या गोदामात मात्र नवखा माणूस भार भरून काढण्यासाठी वाफेचा दाब वाढवील, आणि जाणता माणूस आधी झोत जमिनीला लागतो की नाही ते पाहील.